नावडता, पण कुणाचा?

‘तो नावडता आहे’ एवढं म्हटलं, की भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पुढचं सांगावं लागत नाही. त्याला लागोपाठ रात्रपाळी का आणि ओव्हरटाइमच्या यादीत त्याचं नाव का नाही, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. हा शब्द इतक्या सहज चालतो, त्याचं मूळ मराठीच्या व्याकरणात आहे. ‘मला तो आवडला नाही’ या वाक्यात नापसंती माझी, पण कर्ता ‘तो’. मी ‘ला’ प्रत्यय लावून बाजूला होतो. क्रियापदही त्याच्याच तालावर चालतं : तो आवडला नाही, ती आवडली नाही. ‘नावडता’ या विशेषणात तर मला जागाच उरत नाही. न आवडणं हा जणू त्याचाच गुण, उंचीसारखा किंवा रंगासारखा.

यातली मेख लोकभाषेने कधीच ओळखली आहे. ‘नावडतीचं मीठ अळणी’ या म्हणीत दोष मिठाचा नाही, चाखणाऱ्याचा आहे. श्रावणातल्या शिवामुठीच्या कहाणीत राजाच्या चार सुनांपैकी एक नावडती. तिला उष्टं अन्न आणि राहायला गुरांचा गोठा. शेवटी ती आवडती होते, तेव्हा बदलते ती सासरच्यांची नजर. सून तीच असते.

कुणी म्हणेल, नावडती भाजी असते तसा नावडता माणूस असणारच. आणि कधी दोष त्याचाच असतो. खरं आहे. पण ‘माझी नावडती भाजी’ म्हणताना नावड कुणाची ते सांगितलेलं असतं. दोष असेल, तर त्यालाही शब्द आहेत : कामचुकार, उर्मट, खोटारडा. ते आरोप तपासता येतात, खोडता येतात. ‘नावडता’ खोडायचा कसा? नावड कुणाची हेच पुसलं गेलं, की काय होतं ते साताऱ्यात दिसलं. मुलगा हवा असताना झालेल्या मुलींची नावंच ‘नकुशी’ ठेवली गेली. 2011 मध्ये तिथे अशा 285 मुलींना नवी नावं देण्यात आली. नकोशी कुणाला, हे जुन्या नावात कुठेच नव्हतं; हजेरीपटावर ते ओझं मुलीच वाहत होत्या.

म्हणून पाळ्यांची यादी भिंतीवर लावण्याआधी सुपरवायझरने रात्रपाळीच्या प्रत्येक नावापुढे कामाचं कारण लिहावं. ‘नावडता’ हे कारण होत नाही.