किशोरांची डिस्टोपियन कादंबरी आणि नेरळचा डोंगर

डिस्टोपियन कादंबरी, म्हणजे बिघडलेल्या भावी समाजाचे चित्र रंगवणारी कथा, मराठी किशोरवाचकाला सुझान कॉलिन्सच्या ‘द हंगर गेम्स’मुळे (२००८) ओळखीची झाली असली, तरी तिचे बीज मराठीत त्याआधीच पडले होते. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ (१९८६) या कादंबरीत उत्खननात सापडलेल्या एका प्राचीन पेटीतील माहितीवरून यंत्रमानव घडवला जातो आणि ती पेटी पुरणारी प्रगत संस्कृती आपल्याच यंत्रांमुळे लयाला गेली, हे वाचकाला हळूहळू उलगडते. ही कादंबरी किशोरांसाठी म्हणून लिहिलेली नसूनही चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाला ती आजच्या अनेक परदेशी मालिकांपेक्षा अधिक अस्वस्थ करते, कारण तिच्यातील संकट जुलमी राजाकडून येत नाही, तर ज्ञानाच्या निर्मळ हव्यासातून येते. मराठी कथेतील अद्भुताची बाजू त्याहून जुनी आहे. नाथमाधवांची ‘वीरधवल’ (१९१३) आणि भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न यांनी ती समृद्ध केली.

या परंपरेत उणीव आहे ती स्थानिक भूगोलाची. १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ-माथेरान गाडी, २००५ च्या अतिवृष्टीत वाहून गेलेला तिचा मार्ग आणि मोटारींना बंदी असलेले डोंगरावरचे माथेरान गाव एवढे साहित्य हाताशी असताना मराठी किशोर-कादंबरीकाराने उद्ध्वस्त महानगरांची आयात करण्याचे कारण नाही.