ट्रक थांबला की एसीही बंद पडतो; दर वेळी गॅसच संपलेला असतो का?

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू ट्रकच्या केबिनला एसी असणं केंद्र सरकारने बंधनकारक केलंय. निर्णय चांगलाच आहे. पण हा नियम नव्या गाड्यांसाठी. आज रस्त्यावर धावणारे कितीतरी ट्रक, टेम्पो आणि पिकअप त्याच्या आधीचे आहेत. त्यातल्या काहींना कंपनीतूनच एसी आलाय, काहींना मालकाने नंतर बसवून घेतलाय.

आणि या जुन्या गाड्यांची एक ठरलेली तक्रार असते. हायवेवर एसी झकास चालतो. टोलनाक्यावर, बंदराबाहेरच्या रांगेत किंवा साखर कारखान्याच्या गेटवर गाडी उभी राहिली की पाच-दहा मिनिटांत गरम हवा यायला लागते. गाडी पुन्हा पळायला लागली की पुन्हा गार. म्हणजे ऐन गरजेच्या वेळीच एसी दगा देतो.

यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो, "गॅस कमी झालाय, भरून घ्या."

पण थांबल्यावरच बंद पडणाऱ्या एसीत अनेकदा गॅस पुरेसा असतो. तशात वरून आणखी भरला, तर दुखणं वाढतं. कसं ते बघू.

आधी एसी चालतो कसा?

एसी गारवा तयार करत नाही, तो केबिनमधली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. हे काम करतो गॅस. बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये तो आर-१३४ए असतो.

डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये हा गॅस केबिनची उष्णता घेतो. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्याला दाबून पुढे ढकलतो. मग तो कंडेन्सरमध्ये जातो, म्हणजे बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या पुढे असलेल्या जाळीत. तिथे बाहेरची हवा लागून तो गार होतो, त्याचं द्रव होतं आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

यात कंडेन्सर हा कळीचा भाग. त्याला हवा मिळाली नाही तर उष्णता बाहेर जाणारच नाही.

थांबल्यावर नेमकं काय बदलतं?

ताशी ६० किलोमीटरने गाडी चालली असेल, तर समोरून सेकंदाला जवळपास १७ मीटर वेगाने हवा येते. अशा वेळी पंखा कमजोर असला तरी कुणाला कळत नाही. गाडी थांबली की ही फुकटची हवा बंद होते आणि सगळा भार पंख्यावर येतो. पंखा इंजिनवर फिरणारा असेल, तर स्लो स्पीडला इंजिनबरोबर तोही मंदावतो. वर रस्त्याची धग आणि शेजारच्या गाड्यांची गरम हवा.

मग कंडेन्सरमधला दाब चढत जातो. ट्रकच्या टायरमध्ये साधारण १०० ते १२० पीएसआय हवा असते. एसीच्या हाय साइडला उन्हाळ्यात २०० ते २५० पीएसआय ही नेहमीची गोष्ट. हाच दाब ४०० च्या आसपास गेला, तर पाइप फुटू नये म्हणून प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. नेमका आकडा गाडीनुसार बदलतो. दाब उतरला की कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होतो.

म्हणजे तुम्हाला जो बिघाड वाटतो, तो अनेकदा एसीने स्वतःला वाचवण्यासाठी केलेला उपाय असतो.

संशयित कोण कोण?

पहिला संशयित पंखा. मोठ्या गाड्यांत पंख्याला बऱ्याचदा व्हिस्कस क्लच असतो. त्यात सिलिकॉन ऑइल असतं आणि इंजिन तापलं की ते पंख्याला घट्ट धरतं. ऑइल गळून गेलं की पंखा फिरताना दिसतो, पण हवा ओढत नाही. इलेक्ट्रिक पंखा असेल तर मोटर, रिले किंवा फ्यूज गेलेला असू शकतो.

दुसरा, कंडेन्सरमधला कचरा. धूळ, किडे, उसाचं पाचट, कापसाचे तंतू जाळीत अडकतात. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीतला थर तर बाहेरून दिसतही नाही.

तिसरा, जास्त भरलेला गॅस. जादा गॅस द्रव होऊन कंडेन्सरमध्ये साचतो, बाकीच्या गॅसला गार व्हायला जागाच उरत नाही आणि दाब आणखी चढतो. हायवेवर हे खपून जातं, टोलनाक्यावर उघडं पडतं.

चौथा, कॉम्प्रेसरचा क्लच. एसी चालू केला की कॉइलमधलं चुंबक पुढच्या प्लेटला खेचून पुलीला चिकटवतं. प्लेट आणि पुली यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. वर्षानुवर्षं घासून ती वाढते. त्यात तांब्याची कॉइल ६० अंशांनी तापली, की तिचा विद्युतरोध जवळपास पाव भागाने वाढतो. स्लो स्पीडला अल्टरनेटरचा व्होल्टेजही कमी पडला, तर चुंबकाला प्लेट खेचता येत नाही. अशा गाडीचा एसी सकाळी उत्तम चालतो आणि इंजिन तापलं की रुसतो.

पाचवा, झिजलेला कॉम्प्रेसर. रेस दिली तर कसाबसा दाब तयार करतो, स्लोला जमत नाही. इथे कॉम्प्रेसर बंद पडत नाही, फक्त गारवा जातो.

सहावं कारण इंजिनकडचं. इंजिन जास्त तापलं किंवा त्याची स्लो स्पीड फार खाली गेली, तर अनेक गाड्यांतला संगणक स्वतःच एसी तोडतो. पट्टा सैल होऊन घसरत असेल तरी असंच वाटतं.

मग गॅस कमी असल्याचं ओळखायचं कसं?

गॅस खूप कमी असेल, तर लो प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला सारखा चालू-बंद करतो. रेस दिल्यावर हे जास्त होतं, कारण कॉम्प्रेसर जोरात ओढतो आणि लो साइडचा दाब चटकन पडतो. म्हणजे रेस दिल्यावर एसी तुटत असेल तर गॅसवर संशय घ्या. रेस दिल्यावर एसी सुधारत असेल, तर आधी हवा, क्लच आणि कॉम्प्रेसर तपासा.

दुसरं म्हणजे एसीचा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. जुन्या गाडीत रबरी होज आणि सीलमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, हे खरं. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती शोधल्याशिवाय गॅस भरणं म्हणजे भोकाच्या घागरीत पाणी ओतणं.

तुम्ही स्वतः काय तपासू शकता?

गाडी मोकळ्या जागेत, सपाट रस्त्यावर, हँडब्रेक लावून उभी करा. सैल कपडे, गमछा आणि हात पंख्या-पट्ट्यापासून लांब ठेवा. केबिन उचलावी लागणाऱ्या ट्रकमध्ये इंजिन चालू ठेवून करायच्या तपासण्या मेकॅनिकवरच सोडा.

१. गरम हवा यायला लागली की कॉम्प्रेसरकडे बघा. पुली कायम फिरते, पुढची प्लेट फिरतेय का ते महत्त्वाचं. प्लेट थांबली असेल तर कुणीतरी कॉम्प्रेसर तोडतंय, किंवा क्लच पकडत नाहीये. प्लेट फिरत असूनही हवा गरम असेल, तर दाब किंवा हवेचा प्रश्न आहे.

२. एक-दोन मिनिटं इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास ठेवा. काय बदलतं ते लक्षात ठेवा.

३. पाण्याची परीक्षा करा. गाडी स्लोला असताना समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर पाण्याची हलकी फवार मारा. वायरिंग आणि पंख्यावर पाणी जाऊ देऊ नका. मिनिटभरात गार हवा आली, तर कंडेन्सरची उष्णता बाहेर जात नव्हती हे नक्की. म्हणजे पंखा, कचरा किंवा जादा गॅस.

४. व्हिस्कस पंखा असेल, तर इंजिन गरम असताना बंद करून, चावी काढून, पंखा हाताने फिरवून बघा. थोडा जड लागायला हवा. सहज गरगर फिरत राहिला तर क्लच गेलाय. इलेक्ट्रिक पंखा बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावर थोड्याच वेळात सुरू व्हायला हवा.

५. कंडेन्सर साफ करताना इंजिन गार असू द्या आणि पाण्याचा दाब कमी ठेवा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पातळ पत्र्या वाकतात आणि हवा कायमची अडते.

एसीचे पाइप किंवा नोझल मात्र घरी उघडू नका. आर-१३४ए मोकळ्या हवेत उणे २६ अंशांवर उकळतो. हातावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते.

मेकॅनिककडे गेल्यावर काय विचारायचं?

"गॅस भरा" म्हणू नका. "आधी दोन्ही साइडचे गेज लावा आणि स्लोला काय दिसतं ते सांगा," असं म्हणा.

स्लोला दोन्ही काटे वर असतील, तर हवा कमी पडतेय किंवा गॅस जास्त आहे. दोन्ही खाली असतील, तर गॅस कमी, म्हणून गळती शोधा. लो साइड वर आणि हाय साइड खाली असेल, तर कॉम्प्रेसर थकल्याची शक्यता मोठी.

प्लेटच पकडत नसेल, तर त्याच वेळी क्लचच्या वायरवर व्होल्टेज मोजायला सांगा. लहान गाडीत १२ आणि मोठ्या ट्रकमध्ये साधारण २४ व्होल्टची यंत्रणा असते. करंट येऊनही प्लेट पकडत नसेल, तर क्लचमध्येच दोष आहे. अनेक क्लचमध्ये प्लेटमागचा पातळ शिम काढून वाढलेली फट कमी करता येते, सगळा कॉम्प्रेसर बदलावा लागत नाही. करंटच येत नसेल, तर रिले, प्रेशर स्विच आणि वायरिंग तपासायचं.

गॅस भरायचाच झाला, तर आधीचा मशीनने काढून घ्यावा, व्हॅक्यूम करावा आणि गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढाच वजन करून भरावा. जुना गॅस हवेत सोडू देऊ नका. आर-१३४एचा एक किलो, १०० वर्षांच्या हिशेबाने, सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं वातावरण तापवतो.

हे एवढं महत्त्वाचं का?

कारण मेच्या उन्हात उभ्या ट्रकची केबिन बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, आणि खालून इंजिनची धग येते ती वेगळीच. रांगेत तीन-चार तास असं भाजून निघालेला माणूस त्यानंतर रात्रभर तोच ट्रक चालवणार असतो. थकवा, डोकेदुखी आणि स्टिअरिंगवर लागणारी डुलकी यांची सुरुवात अशा रांगेतच होते.

त्यामुळे पुढच्या वेळी टोलनाक्यावर एसीने दगा दिला, तर गॅसचे पैसे मोजण्याआधी बाटलीभर पाणी घ्या आणि कंडेन्सरवर मारून बघा. खर्च शून्य, आणि दुखणं कुठे आहे याचा अर्धा अंदाज तिथेच येतो.