खेळण्यांच्या पोटी आलेली कॉमिक्स: 2023 ते 2025चा मागोवा

खेळणी खपवण्यासाठी काढलेलं कॉमिक्स म्हटलं की जाणकार वाचक आजही नाक मुरडतो. जाहिरातच ती, तिच्यात कथा कसली, असा त्याचा समज असतो. 2023 ते 2025 या तीन वर्षांत या समजाला सणसणीत उत्तर मिळालं. ‘ट्रान्सफॉर्मर्स’ आणि ‘जी. आय. जो’ या हॅस्ब्रो कंपनीच्या जुन्या खेळण्यांवर स्कायबाउंड या प्रकाशनाने ‘एनर्जॉन युनिव्हर्स’ नावाचं एकत्र कथाविश्व उभं केलं. अमेरिकी कॉमिक्समधलं या काळातलं सगळ्यात जिवंत काम मला इथे दिसलं.

या नात्याचं मूळ 1982मधलं आहे. हॅस्ब्रोला ‘जी. आय. जो’ पावणेचार इंची सैनिक-बाहुल्यांच्या रूपात पुन्हा बाजारात आणायचा होता. अमेरिकेत खेळण्यांच्या टीव्ही जाहिरातीत अ‍ॅनिमेशन किती वापरायचं यावर बंधनं होती, कॉमिक्सच्या जाहिरातीवर तशी नव्हती. म्हणून मार्व्हलकडून कॉमिक्स काढून घेतलं आणि टीव्हीवर त्याचीच जाहिरात झळकवली. हेतू शुद्ध व्यापारी होता. पण लेखनाची जबाबदारी लॅरी हामा यांच्याकडे गेली. व्हिएतनाम युद्धाच्या काळात लष्करात नोकरी केलेल्या या माणसाने पात्रांना पूर्वायुष्य दिलं, आपसांतली वैरं दिली. 1984च्या एकविसाव्या अंकात तर त्यांनी एकाही शब्दाविना अख्खी कथा सांगितली. त्याच वर्षी ताकारा या जपानी कंपनीची रूप बदलणारी खेळणी ‘ट्रान्सफॉर्मर्स’ म्हणून अमेरिकेत आली. त्यांतल्या बहुतेकांना नावं आणि स्वभाव दिले मार्व्हलच्या बॉब ब्युडियान्स्की यांनी. प्लास्टिकच्या तुकड्यांत जीव ओतला तो लेखकांनी, ही गोष्ट पुढे अनेकदा विसरली गेली.

‘एनर्जॉन युनिव्हर्स’ची सुरुवात म्हणून जून 2023मध्ये लेखक रॉबर्ट कर्कमन आणि चित्रकार लोरेंझो दे फेलिची यांचं ‘व्हॉइड रायव्हल्स’ आलं. दोन शत्रू जमातींचे दोन वैमानिक एका ओसाड ग्रहावर अडकतात, अशी ती स्वतंत्र विज्ञानकथा वाटत होती. पहिल्याच अंकात त्यांना एक बंद पडलेलं यान सापडतं आणि ते जेटफायर नावाचा ट्रान्सफॉर्मर निघतं! ट्रान्सफॉर्मर्सचं पुनरागमन असं गुपचूप, जाहिरातीचा गाजावाजा न करता झालं. आजकाल प्रत्येक धक्का आधीच फोडून विकला जातो. अशा काळात वाचकाच्या आनंदाची एवढी बूज राखणं मला फार मोलाचं वाटतं.

खरं शिखर मात्र ऑक्टोबर 2023मध्ये सुरू झालेलं डॅनियल वॉरन जॉन्सन यांचं ‘ट्रान्सफॉर्मर्स’. पहिल्या सहा अंकांचं लेखन आणि चित्रं दोन्ही त्यांची. सातव्या अंकापासून चित्रं होर्हे कोरोना यांच्याकडे आली. माइक स्पायसर यांच्या रंगांनी ही पानं आणखी तापवली. जॉन्सन कुस्तीच्या रिंगणाचे भक्त. त्यांचा नायक ऑप्टिमस प्राइम शत्रूला कवेत घेऊन मागच्या मागे आपटतो, आणि त्या आपटण्याचं वजन पानावर जाणवतं. पण नुसत्या मारामारीने हे कॉमिक्स मोठं झालेलं नाही. पहिल्याच अंकात शत्रू गटातला स्टारस्क्रीम नायकाच्या बाजूच्या बंबलबीला ठार करतो. सगळ्यात लाडकं, सगळ्यात जास्त खपणारं पात्र लेखकाने सुरुवातीलाच मारलं आणि खेळण्यांच्या मालकांनी ते मारू दिलं. जाहिरात तिथेच संपली आणि कथा सुरू झाली. पुढे ऑप्टिमस आपला हात गमावतो आणि त्या जागी शत्रूंचा म्होरक्या मेगाट्रॉन याचा तोफवाला हात लावून घेतो. शांततेची भाषा बोलणाऱ्या नायकाच्या अंगाला शत्रूचं शस्त्र जोडलेलं आहे, हे चित्रच त्या कथेचा गाभा आहे. कॉमिक्ससाठीच्या 2024च्या आयस्नर पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चालू मालिका आणि सर्वोत्कृष्ट लेखक-चित्रकार हे दोन्ही मान या मालिकेच्या वाट्याला आले. खेळण्यांवरच्या कॉमिक्सला मिळालेला हा मान मला वैयक्तिक आनंदासारखा वाटला.

जोशुआ विल्यमसन यांनी ‘जी. आय. जो’ची बाजू धीराने रचली. डिसेंबर 2023च्या ‘ड्यूक’मध्ये एका सैनिकाने लढाऊ विमानाचा यंत्रमानव होताना पाहिलाय, त्यात मित्र गमावलाय आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. टॉम रायली यांची मोजकी, स्वच्छ रेषा या एकाकीपणाला शोभते. खलनायकावरच्या ‘कोब्रा कमांडर’ या मालिकेत 1987च्या अ‍ॅनिमेशनपटातली ‘कोब्रा-ला’ ही चाहत्यांनी वर्षानुवर्षं हिणवलेली कल्पना घेऊन विल्यमसन यांनी तिची अंगावर काटा आणणारी भयकथा केली. नोव्हेंबर 2024मध्ये मुख्य मालिका सुरू झाली तेव्हा तिचा पाया पक्का होता. शिवाय आयडीडब्ल्यू या प्रकाशनाकडे तीनशेव्या अंकावर थांबलेली लॅरी हामा यांची जुनी मालिका स्कायबाउंडने 301पासून पुढे चालू केली. जुन्या लेखकाला त्याची जागा परत देणं हा या तीन वर्षांतला सर्वांत सभ्य निर्णय होता.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. एकाच अंकाची इतकी पर्यायी मुखपृष्ठं निघाली की वाचकाचे पैसे कथेपेक्षा कव्हरांवर जास्त जावेत. मधल्या काही लघुमालिका पुढच्या घटनांची मांडामांड करण्यातच संपल्या. पंचविसाव्या अंकापासून ‘ट्रान्सफॉर्मर्स’ कर्कमन आणि डॅन मोरा यांच्याकडे गेली आहे. मोरांची रेषा देखणी आहे, पण जॉन्सनचा रांगडेपणा मला त्या पानांत जाणवत नाही.

आता खेळण्यांकडे. सहा इंची ‘जी. आय. जो क्लासिफाइड’ 2020मध्ये सुरू झाली. सुरुवातीच्या फिगर्सवर भविष्यकालीन चिलखतांचा आणि सोनेरी नक्षीचा भार होता. चाहत्यांनी जुनं रूप मागितलं, कंपनीने ते ऐकलं, आणि पुढच्या फिगर्स 1980च्या दशकातल्या पेहरावाजवळ आल्या. कोरीवकाम, सांधे, सोबतची शस्त्रं या बाबतींत आज ही मालिका पहिल्या रांगेत आहे. ताकारा टोमीच्या 2024च्या ‘मिसिंग लिंक’ मालिकेतल्या कॉन्व्हॉयला, म्हणजे जपानी ऑप्टिमसला, मी या काळातलं सर्वोत्तम खेळणं मानतो. 1984च्या खेळण्याचं रूप तसंच ठेवून त्याला गुडघे, कोपरं, कंबर दिली आहे.

काही निर्णय मात्र फसले. प्लास्टिक टाळण्यासाठी हॅस्ब्रोने 2022मध्ये खिडकी नसलेली पुठ्ठ्याची खोकी आणली. हेतू स्तुत्य होता, पण चेहऱ्याचं रंगकाम न पाहता फिगर घ्यावी लागे. 2023मध्ये कंपनीने खिडक्या परत आणायचं ठरवलं. किमतीचं दुखणं त्याहून मोठं. क्लासिफाइडची साधी फिगर 20 डॉलरवरून 25 डॉलरवर गेली. आगाऊ नोंदणीवर बनलेला याच मालिकेतला ‘हिस’ रणगाडा 300 डॉलरचा होता. ज्या पोरांसाठी ही खेळणी जन्माला आली त्यांच्या हाताला ती लागतच नाहीत. चाळिशीतले संग्राहक ती विकत घेतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात.

आपल्याकडे हे अंतर आणखी रुंद आहे. 1987मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून फनस्कूल सुरू झाली. तिचा कारखाना गोव्यात होता. भारतात तयार झालेले तिचे ‘जी. आय. जो’ इथल्या पोरांच्या हातांत पोचले, आणि त्यांतल्या वेगळ्या रंगसंगतीच्या फिगर्स आज परदेशी संग्राहक शोधत असतात. आता चित्र उलटं आहे, बाहेरून येणारी खेळणी महाग पडतात. खेळण्यांवरची आयात जकात फेब्रुवारी 2020मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाली आणि 2023मध्ये 70 टक्के. देशी कारखाने वाढावेत हा त्यामागचा विचार मला मान्य आहे; पण मग फनस्कूलसारखं परवान्यावरचं उत्पादन पुन्हा इथे व्हायला हवं.

तीन वर्षांचा माझा हिशेब असा: कॉमिक्सने खेळण्यांना मागे टाकलं. लेखकाला मोकळीक मिळाली, म्हणून कथा वाढली. खेळणी बनवणाऱ्यांनी कारागिरी वाढवली, पण लहान ग्राहक गमावला. ज्याला यात उतरायचंय त्याने पर्यायी मुखपृष्ठांच्या मागे न लागता जॉन्सनच्या पहिल्या सहा अंकांचा बांधीव खंड घ्यावा. आणि घरी एखादा ऑप्टिमस खोक्यात जपून ठेवला असेल, तर तो बाहेर काढा आणि घरातल्या पोराच्या हातात द्या.