गोवेकर खलाशांची कूड

हिंगोलीहून प्रथमच मुंबईस निघालेल्या माणसाच्या खिशात बहुधा कुणा गाववाल्याचा पत्ता असतो. तो पत्ता चुकला तर रात्री निजावयाचे कोठे, हा प्रश्न जुनाच. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांनी त्याचे काय उत्तर काढले, ते सांगतो.

डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. म्हणजे मुंबईत उतरणारा गोवेकर परक्या राज्याचा माणूस. तो आगबोटीवर आचारी, वाढपी किंवा खलाशी म्हणून लागावयाचा. एक बोट सुटली की दुसरी मिळेपर्यंत महिनेच्या महिने बसून काढावयाचे. तेव्हा एकेका गावच्या लोकांनी वर्गणी काढून धोबीतलाव, माझगाव या बाजूंस खोल्या घेतल्या. कोकणीत खोलीस कूड म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झालेल्या या कुडींची संख्या पुढे शेकड्यांवर गेली. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत कित्येक कुडी एकाच छपराखाली नांदल्या.

आत सामान म्हणाल तर भिंतीलगत ओळीने ट्रंका, निजावयास चटई आणि एका अंगास वेदी. सायंकाळी ‘तेर्स’, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. तीस हजेरी लागे. गावच्या संताचा सण मुंबईतही साजरा होई. बोटीवर गेलेल्याची ट्रंक मागे सांभाळली जाई. नवख्यास अंथरूण मिळे, आणि कोणत्या कचेरीत कोणते कागद न्यावयाचे हेही तेथेच कळे.

मी संघटनेचा माणूस. देवधर्मात माझे फारसे लक्ष नाही. तरीही त्या प्रार्थनेचे मोल मला कळते. कामावरचा आणि बेकार रोज एकाच वेळी शेजारी गुडघे टेकत. कोणी आला नाही तर त्याच रात्री ध्यानात येई. आमच्या सभेस बोनसचा विषय असला की मंडप पुरत नाही. एरवी कोण उपाशी निजला, हे आम्हांस महिन्याने कळते!

पण ही माया उंबऱ्यापर्यंतच. शेजारच्या गावचा माणूस परका. काही ठिकाणी एकाच गावात जातीवारही कुडी निराळ्या. बायकांना तेथे बिऱ्हाड नाहीच. शिवाय बोटीवरचा पगार आणि भरतीतली दलाली यांवर वेदीपुढे तोड निघणे शक्य नव्हते. त्यासाठी खलाशांना युनियनच काढावी लागली, आणि तिच्या सभेत निरनिराळ्या कुडींतली माणसे एका बाकावर बसली.