शिक्षा फारच कमी वाटली तर?

'दाद देणं' म्हणजे कौतुक करणं. पण 'दाद मागणं' म्हणजे न्याय मागणं. या धड्यात आपण दुसऱ्या दादेबद्दल वाचणार आहोत.

समजा, इंग्लंडमध्ये तुमच्या ओळखीच्या माणसाला कोणीतरी बेदम मारलं. गुन्हा सिद्ध झाला, क्राउन कोर्टाने शिक्षा सुनावली आणि ती ऐकून घरचे म्हणाले, "एवढीच?" शिक्षा जास्त वाटली तर गुन्हेगार अपील करतो, हे आपल्याला माहीत असतं. कमी वाटली तरी दाद मागता येते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ही सोय १९८८ च्या कायद्याने झाली. (स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत.) विनंती अ‍ॅटर्नी जनरलकडे, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा सल्लागाराकडे करायची. ती कोणीही करू शकतं: जखमी माणूस, त्याचे नातेवाईक, अगदी पेपरात बातमी वाचलेले तुम्हीसुद्धा! वकील लागत नाही, फी नाही. एकच विनंती पुरते. आमच्या आयटीत जितक्या तक्रारी जास्त, तितकं काम वर सरकतं. इथे हजार सह्या गोळा करून काही फरक पडत नाही.

फरक पडतो तो तारखेने. त्या कायद्याने शिक्षेच्या दिवसापासून २८ दिवसांची मुदत ठेवली. तेवढ्यातच अ‍ॅटर्नी जनरलना कागद तपासून प्रकरण कोर्ट ऑफ अपीलकडे पाठवायचं असतं. म्हणून शेवटच्या दिवशी ईमेल करून भागत नाही. मुदत कडक का? कारण शिक्षा झालेल्या माणसालाही आपली शिक्षा नक्की किती, हे कधीतरी कळायला हवं.

आता अवघड भाग. आपण सगळ्यालाच 'मारहाण' म्हणतो, कायदा तसं म्हणत नाही. गंभीर इजा करायच्या हेतूनेच मारलं, तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि ही सोय लागू होते. इजा तितकीच गंभीर, पण तो हेतू सिद्ध झाला नाही, तर कमाल शिक्षा ५ वर्षं, आणि ही सोय सहसा मिळत नाही. वंशद्वेषातून किंवा धर्मद्वेषातून केलेला हल्ला याला अपवाद. जबडा दोघांचाही तुटलेला, पण दाद एकालाच! मला तरी हे पटत नाही.

आणि प्रकरण वर गेलं तरी शिक्षा वाढेलच असं नाही. "मी असतो तर जास्त दिली असती" एवढं कारण तिथे चालत नाही. कोणत्याही समंजस न्यायाधीशाने दिली नसती इतकी ती कमी असावी लागते.

भारतात काय? तिथे कमी शिक्षेविरुद्ध सरकार अपील करू शकतं. पीडित व्यक्तीला फक्त त्या कारणासाठी स्वतः अपील करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे तिथेही आधी सरकारचंच दार ठोठवावं लागतं.