बिअर गेम : रचना शिकवणारा पट

व्यूहनीती शिकवताना व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांपुढे एक जुनी अडचण असते : व्यवसायातील निर्णय आणि त्याचा परिणाम यांत अनेकदा महिन्यांचे वा वर्षांचे अंतर असते, आणि वर्गात ज्या कंपन्यांच्या कहाण्या चर्चेला येतात त्यांचा शेवट विद्यार्थ्यांना बहुधा आधीच ठाऊक असतो. सिम्युलेशन, म्हणजे व्यवसायाची कृत्रिम प्रतिकृती उभारून तीत विद्यार्थ्यांना निर्णय घ्यायला लावण्याची पद्धत, हे अंतर काही तासांवर आणते. जे फॉरेस्टर यांच्या औद्योगिक गतिकीवरील कामातून एमआयटीच्या व्यवस्थापन विद्यालयात 1960 च्या दशकाच्या सुरुवातीस आकाराला आलेला ‘बिअर गेम’ हा या पद्धतीचा आजही सर्वाधिक शिकवण्याजोगा नमुना होय.

लांब टेबलावर पट पसरलेला असतो आणि त्यावर किरकोळ विक्रेता, घाऊक व्यापारी, वितरक व कारखाना असे चार टप्पे आखलेले असतात. प्रत्येक टप्प्यावर सुरुवातीला बिअरच्या 12 पेट्या, म्हणजे तितक्या सोंगट्या, शिल्लक असतात. पटावरची प्रत्येक फेरी म्हणजे एक आठवडा. तीत आलेला माल मांडायचा, खालच्या टप्प्याची मागणी भागवायची, आणि वरच्या टप्प्याकडे धाडायच्या मागणीचा आकडा चिठ्ठीवर लिहून ती उलटी सरकवायची, एवढेच काम असते. बोलण्यास मनाई असते. पडून राहिलेल्या पेटीमागे आठवड्याला अर्धा डॉलर आणि न पुरवता आलेल्या पेटीमागे एक डॉलर खर्च धरला जातो, व चौघांचा मिळून खर्च किमान ठेवायचा असतो. मात्र चिठ्ठी वर पोहोचण्यात आणि माल खाली येण्यात काही आठवडे जातात, आणि सारा पेच या विलंबात आहे.

ग्राहकांची मागणी आठवड्याला 4 पेट्या असते. पाचव्या आठवड्यात ती 8 होते आणि नंतर कधीच बदलत नाही. तरीही किरकोळ विक्रेत्याचा साठा घटू लागताच तो जादा मागवतो, माल येईना म्हणून पुन्हा जादा मागवतो, आणि ही वाढ प्रत्येक टप्प्यावर फुगत कारखान्यापर्यंत जाते. पुढे सगळा माल एकदम येऊन पडतो तेव्हा मागणीच्या चिठ्ठ्यांवर शून्य उमटू लागते. जॉन स्टरमन यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संघांचा सरासरी खर्च आदर्श खर्चाच्या सुमारे दहापट निघाला. आधी मागवलेला पण अजून वाटेत असलेला माल खेळाडू हिशेबात जवळजवळ धरतच नाहीत, हे त्यांनी त्याचे मुख्य कारण दाखवले. खेळ 50 आठवड्यांचा असल्याचे सांगून तो 36 व्या आठवड्यात थांबवण्याची त्यांची रीतही हेतुपूर्ण होती, कारण शेवट जवळ आल्याचे कळले की खेळाडू साठा रिकामा करण्याच्या मागे लागतात आणि नेहमीचे वर्तन झाकले जाते.

शिक्षकाचे कौशल्य यानंतर पणाला लागते. खरा आकडा उघड करण्याआधी वरच्या टप्प्यांवरील खेळाडूंना ग्राहकांच्या मागणीचा अंदाजे आलेख काढायला सांगितले जाते आणि त्यांतील बहुतेक जण चढउतारांच्या लाटा काढतात, कारण आपल्या हालाचे मूळ चंचल ग्राहकात किंवा शेजारच्या खेळाडूच्या अकुशलतेत आहे अशी त्यांची खात्री झालेली असते. मग ती एकच पायरी दाखवली जाते, आणि निरनिराळ्या संघांचे आलेख शेजारी शेजारी लावले जातात; माणसे वेगळी, तरी लाटेचा आकार तोच असतो. वर्तन रचनेतून उपजते हे विधान विद्यार्थ्याने पुस्तकात वाचलेले असते, पण येथे पुरावा त्याच्याच हस्ताक्षरात समोर असतो. ज्या खेळांत संघांना नफ्यानुसार क्रम दिला जातो त्यांत हे साधणे कठीण जाते, कारण प्रतिस्पर्ध्यांच्या चुकांवर जिंकलेला संघ आपल्याच नीतीला श्रेय देऊन मोकळा होतो.

संवाद असता तर सारे टळले असते, असा निष्कर्ष वर्गात हमखास निघतो, आणि शिक्षकाने तो तसाच सोडू नये. रेचल क्रोसन व कॅरेन डोनोह्यू यांच्या 2006 मधील प्रयोगांत इतरांचा साठा दिसू लागल्यावर लाट कमी झाली, पण नाहीशी झाली नाही. वाटेतला माल विसरण्याची सवय माहिती मिळूनही टिकून राहिली. म्हणून वेळ अपुरा असेल तर काही आठवड्यांचा खेळ वगळावा, पण आलेखांवरील चर्चेला कात्री लावू नये.