भाताचा कडा करपा, भेंडीचा हळद्या आणि सजीवाची लक्षणे

अंबरनाथ व बदलापूर यांच्या आसमंतात कारखाने आणि वसाहती वाढल्या, तरी उल्हास व बारवी या नद्यांकाठच्या गावांतून आजही भाताची लावणी होते आणि शेजारच्या उल्हासनगर-कल्याणसारख्या शहरांसाठी भाजीपाला काढला जातो. भाताचा कडा करपा आणि भेंडीचा हळद्या हे दोन रोग या पिकांचे जुने वैरी होत. दोहोंत पान पिवळे पडते, म्हणून एकच औषध आणून दोन्हींवर मारले जाते. वास्तविक पहिला रोग जिवाणूमुळे होतो, दुसरा विषाणूमुळे. आणि या दोहोंत जितके अंतर आहे तितके बैल आणि गांडूळ यांच्यातही नाही.

सजीव कशास म्हणावे? जो अन्न घेतो, श्वसन करतो, वाढतो, निरुपयोगी द्रव्ये बाहेर टाकतो, परिस्थितीस प्रतिसाद देतो आणि आपल्यासारखा दुसरा जीव निर्माण करतो, तो सजीव. दुधास विरजण लावले म्हणजे हे सर्व घरच्या घरी पाहता येते. चमचाभर दह्यातील जिवाणू दुधातील साखर खातात, आम्ल टाकतात व वाढतात. थंडीत त्यांचे काम मंदावते, म्हणून दही उशिरा लागते. जिवाणूचे शरीर एकाच पेशीचे असते. कडा करप्याचा जिवाणू जेमतेम एक ते दोन मायक्रॉन लांब, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेषेवर असे पाचशे तरी सहज मावतील. काही जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुभंगतात. हाच वेग टिकला तर एकाचे दहा तासांत १०७ कोटी होतात!

विषाणूचे तसे नाही. त्यास पेशी नाही. तो खात नाही, श्वास घेत नाही, वाढतही नाही. प्रथिनांच्या वेष्टणातील थोडे आनुवंशिक द्रव्य, एवढाच त्याचा देह. १९३५ साली अमेरिकेत स्टॅन्ली यांनी तंबाखूवरील रोगाच्या विषाणूचे मिठासारखे स्फटिक बनविले. तेच स्फटिक विरघळवून निरोगी झाडास टोचताच रोग उत्पन्न झाला. मिठाच्या खड्यास कोणी जिवंत म्हणेल काय? परंतु सजीव पेशीत शिरताच विषाणू तिची यंत्रणा आपल्या कामास जुंपतो व स्वतःच्या असंख्य प्रती करवून घेतो. म्हणून त्यास सजीव व निर्जीव यांच्या सीमेवरचा मानतात.

आता शेताकडे वळू. कडा करप्याची आपल्या देशातील पहिली नोंद १९५१ मधील असून ती महाराष्ट्रातीलच आहे. १९६३ मध्ये बिहारमधील शहाबाद जिल्ह्यात त्याची मोठी साथ आली. पानाच्या शेंड्याकडून कडांनी पिवळे, नागमोडी पट्टे खाली उतरतात. खात्री करावयाची असल्यास रोगट भागाच्या कडेचा ताजा तुकडा कापून काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात ठेवावा. थोड्याच वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखी धार निघते. ते लक्षावधी जिवाणूच होत. हा प्रयोग शेतकऱ्यांसमोर बांधावरच करून दाखवावा. तासभराच्या व्याख्यानाहून तो अधिक पटतो.

जिवाणू जखमेतून व पानाच्या कडेवरील सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतात आणि पाण्याबरोबर खाचरातून खाचरात जातात. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, हे पुष्कळांस स्मरत असेल. असा पूर पाने फाडतो आणि रोगही वाहून नेतो. म्हणून लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे कापू नयेत, रोगट खाचराचे पाणी निरोगी खाचरात सोडू नये, पाने ओली असता पिकात हिंडू नये आणि युरिया एकदम न देता हप्त्यांनी द्यावा. पूर्वी या रोगावर स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण फवारीत. केंद्र शासनाच्या २०२१ च्या आदेशानुसार १ जानेवारी २०२४ पासून पिकांवर त्याच्या वापरास बंदी आहे, कारण माणसांच्या रोगांवरील हीच औषधे अतिवापराने निकामी होतात. विक्रेत्याने जुना साठा पुढे केला तरी घेऊ नये.

हळद्याची नोंद तत्कालीन मुंबई इलाख्यात १९२४ साली झाली आणि १९५० मध्ये कपूर व वर्मा यांनी त्याचा वाहक पांढरी माशी असल्याचे दाखविले. येथे प्रतिजैविक मारणे म्हणजे नुसता खर्च. बुरशीनाशकही व्यर्थच. झाडात शिरलेल्या विषाणूस मारील असे औषध शेतकऱ्याच्या हाती नाही. शिरा पिवळ्या झालेली झाडे दिसताच उपटून नष्ट करावीत, पिवळे चिकट सापळे लावून माशीवर नजर ठेवावी व प्रतिकारक वाण निवडावा. मात्र विषाणूही पालटतो. आज प्रतिकारक असलेला वाण पुढेही टिकेलच असे नाही.

सारेच जिवाणू शत्रू नव्हेत. भात निघाल्यावर अंगओलाव्यावर वाल पेरतात, त्याच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र धरून पिकास देतात. गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे असे समजावे. या जिवाणूंचे पाकीट सावलीत, थंड जागी ठेवावे, मुदत पाहून घ्यावे आणि चोळलेले बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे. पाकीट उन्हात राहिले तर आतील जीव मरतात, आणि मग वालाच्या बियाण्यास नुसती काळी भुकटी चोळली जाते.